शाळेचा ई-मेल नेमका कुणाच्या ताब्यात?

डेन्मार्कमधलं हेल्सिंगॉर म्हणजे हॅम्लेटचं एल्सिनोर. तिथल्या एका वडिलांना २०१९मध्ये कळलं, की आपल्या आठ वर्षांच्या मुलाचं यूट्यूबवर खातं आहे, तेही पूर्ण नावानिशी. घरात कुणीच ते उघडलं नव्हतं. शाळेनं अभ्यासासाठी गूगलचं खातं दिलं होतं, त्याच्याबरोबर यूट्यूबही आलं. तक्रारीवरून चौकशी सुरू झाली आणि जुलै २०२२मध्ये डेटा संरक्षण प्राधिकरणानं त्या नगरपालिकेच्या शाळांत गूगलच्या वापरावर बंदी घातली. दोनेक महिन्यांत बंदी स्थगित झाली. पण मुलांची माहिती कंपनीकडे कोणत्या कायदेशीर आधारावर जाते, हा प्रश्न जानेवारी २०२४पर्यंत ५३ नगरपालिकांपुढे उभा राहिला होता.

आपल्याकडे अनेक शाळांची गाडी त्याच्या कितीतरी आधी अडलेली असते. लेटरहेडवर जीमेलचा साधा पत्ता, पासवर्ड क्लार्कला पाठ, आणि खात्याला जोडलेला मोबाइल नंबर निवृत्त मुख्याध्यापकांचा. बोर्डाचं परिपत्रक, वेतन पथकाचं पत्र, पालकांची तक्रार, सगळं त्याच पेटीत.

म्हणून ई-मेल सेवेची कंपनी निवडण्याआधी शाळेचं स्वतःचं डोमेन घ्यावं. शिक्षणसंस्थांसाठीची डॉट एसी डॉट इन आणि डॉट ईडीयू डॉट इन ही डोमेनं एर्नेट इंडिया ही सरकारी संस्था देते. नोंदणी संस्थेच्याच नावावर हवी, वेबसाइट बनवून देणाऱ्याच्या नाही. डोमेन हातात असलं, की उद्या कंपनी बदलली तरी पत्ता तोच राहतो.

मग कंपनी. गूगल आणि मायक्रोसॉफ्ट दोघंही मान्यताप्राप्त शाळांना मूळ सेवा फुकट देतात. करोनाकाळात, ऑगस्ट २०२०मध्ये, महाराष्ट्र सरकारनंही राज्यातल्या शाळांसाठी गूगलशीच हातमिळवणी केली. पण फुकटाच्या अटी बदलू शकतात. गूगल शिक्षणसंस्थांना एके काळी अमर्याद साठवण देत असे; २०२२पासून पूर्ण संस्थेला मिळून १०० टेराबाइटची मर्यादा आली. एका शाळेला ती आयुष्यभर पुरेल, विद्यापीठांची मात्र धावपळ झाली. आणि याच गूगलनं जाहिरातींसाठी विद्यार्थ्यांचे मेल चाळणं बंद केलं ते २०१४मध्ये. स्वतःचा मेल सर्व्हर हा तिसरा मार्ग आहे, पण बॅकअप, स्पॅम आणि आपले मेल इतरांच्या स्पॅममध्ये न जाण्याची खटपट सांभाळणारा माणूस शाळेत नसेल, तर तिकडे न वळलेलंच बरं.

खरी निवड होते ती खाती सुरू करताना, आणि नेमकी तिथेच घाई होते. विद्यार्थी आणि कर्मचारी यांचे गट वेगळे ठेवले, तर विद्यार्थ्यांचे मेल शाळेच्या डोमेनपुरतेच येतील-जातील अशी सोय करता येते. तिसरीतल्या मुलीला मेलपेटी लागतच नाही. जीमेल बंद ठेवून नुसतं गूगल क्लासरूम चालू ठेवता येतं. यूट्यूबसारख्या जादा सेवाही बंद ठेवता येतात. पत्त्यात इयत्ता-तुकडी घालू नये, ती दरवर्षी बदलते. जनरल रजिस्टरचा नंबर बदलत नाही. शिक्षक आणि ऑफिस यांना मात्र बाहेरचा पत्रव्यवहार हवाच. निकाल, आधारचे नंबर, जातीचे दाखले तिथूनच फिरतात, म्हणून दुहेरी पडताळणी आधी त्यांच्या खात्यांवर.

२०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानं १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला बालक मानलं आहे. मुलांवर नेम धरून जाहिराती दाखवायला त्यात मनाई आहे. शिक्षणसंस्थांना मुलांवर लक्ष ठेवण्याबाबत सवलत आहे, पण ती शिकवणं आणि सुरक्षितता एवढ्यापुरतीच. प्रवेशअर्जासोबत पालकांचं संमतिपत्र घेऊन ठेवणं त्यामुळे शहाणपणाचं, तेही मराठीत आणि वाचता येईल अशा अक्षरात.

शाळा सोडल्याचा दाखला देताना खात्याचं काय करायचं, हे क्वचितच कुणी ठरवलेलं असतं. गूगलच्या शालेय खात्यातले मेल आणि फाइली विद्यार्थ्याला आपल्या खासगी खात्यात नेता येतात. त्यासाठी मुदत देऊन मगच खातं बंद करावं. बदली झालेल्या शिक्षकाच्या फाइली आधी शाळेच्या नावावर वळवून घ्याव्यात. पुसलेलं खातं गूगलवर २० दिवसांत आणि मायक्रोसॉफ्टवर ३० दिवसांत परत आणता येतं. उन्हाळ्याची सुट्टी त्याहून मोठी असते.