रुग्णवाहिका येईपर्यंतची पिशवी

नवी गाडी घेतली की कागदपत्रांबरोबर प्रथमोपचाराची एक छोटी पेटीही मिळते. तसा नियमच आहे. बहुतेकांच्या डिकीत ती स्टेपनीशेजारी प्लॅस्टिकच्या वेष्टनासकट वर्षानुवर्षं पडून असते. उघडून पाहिली तर आत चिकटपट्ट्या, अँटिसेप्टिक मलमाची ट्यूब, पातळ बँडेज आणि कापसाची गुंडाळी. गुडघा खरचटला, बोट कापलं, तर या सगळ्याचा उपयोग आहेच. पण ज्या जखमांना ही पेटी पुरते, त्या जखमांनी माणूस दगावत नाही. ज्यांनी दगावतो, त्यांच्यासाठी तिच्यात जवळजवळ काहीच नसतं. माझं म्हणणं एवढंच आहे, की अशा जखमांसाठी दुसरी एक पिशवी प्रत्येकाने स्वतः भरावी, हाताशी ठेवावी आणि ती वापरण्याचा सराव करावा.

प्रौढ माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं. त्यातलं दीड-दोन लिटर गेलं की रक्तदाब कोसळतो, माणूस पांढरा पडतो, बरळू लागतो, शुद्ध हरपते. मांडीतली मोठी धमनी फाटली तर जीव जायला तीन ते पाच मिनिटं पुरतात. महाराष्ट्रात १०८ ची सेवा २०१४ मध्ये ९३७ रुग्णवाहिकांनिशी सुरू झाली, तिने असंख्य जीव वाचवले आहेत. पण वरंध किंवा कुंभार्ली घाटात, रात्री, पावसात, चालकाने कितीही जीव तोडला तरी गाडी पाच मिनिटांत पोहोचत नाही. त्यात चूक कुणाचीच नाही, अंतरच तेवढं आहे.

२०२२ या एका वर्षात देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, त्यांत महाराष्ट्रातली पंधरा हजारांहून अधिक. हे सगळे मृत्यू रक्तस्रावाने झाले असं नाही. डोक्याला जबर मार लागला तर रस्त्याकडेला उभ्या असलेल्या माणसाला फारसं काही करता येत नाही. हातापायातून भळाभळा वाहणारं रक्त मात्र शेजारी उभा असलेला कुणीही थांबवू शकतो. त्यासाठी डॉक्टर असावं लागत नाही.

हे ज्ञान रणांगणावरून आलं. हात किंवा पाय वरच्या बाजूला करकचून आवळून रक्त थांबवणारं साधन म्हणजे टूर्निकेट. पॅरिसच्या जाँ-लुई पेती या शल्यचिकित्सकाने अठराव्या शतकाच्या सुरुवातीलाच त्याला स्क्रू बसवला होता. पुढे विसाव्या शतकात ते बदनाम झालं. तासन् तास आवळून ठेवलेला पाय कापावा लागतो, म्हणून टूर्निकेट हा अगदी शेवटचा उपाय, असं प्रथमोपचाराच्या वर्गांत शिकवलं जाई. इराक आणि अफगाणिस्तानातल्या युद्धांत अमेरिकी सैन्याने ते प्रत्येक सैनिकाच्या अंगावर दिलं आणि चित्र पालटलं. बगदादच्या लष्करी रुग्णालयात २००६ मध्ये डॉ. जॉन क्रॅग यांनी अशा जखमींच्या नोंदी काटेकोरपणे ठेवल्या. रुग्ण शॉकमध्ये जाण्याआधी, म्हणजे रक्तदाब कोसळण्याआधी, टूर्निकेट बांधलं गेलं तिथे दहांतले नऊ जगले, शॉकमध्ये गेल्यावर बांधलं तिथे दहांतला एक. आणि निव्वळ टूर्निकेटमुळे हात किंवा पाय गमावावा लागला, असा एकही रुग्ण त्यांना आढळला नाही.

डिसेंबर २०१२ मध्ये अमेरिकेतल्या सँडी हूक शाळेत गोळीबार झाला. त्यानंतर हार्टफर्डचे शल्यचिकित्सक डॉ. लेनवर्थ जेकब्स यांच्या पुढाकाराने तज्ज्ञ एकत्र बसले आणि हे ज्ञान सामान्य नागरिकांपर्यंत न्यायचं ठरलं. त्यातून २०१५ मध्ये 'स्टॉप द ब्लीड' ही मोहीम उभी राहिली. आपल्याकडे गोळीबार क्वचित होतात. पण ट्रकखाली सापडलेला दुचाकीस्वार, कडबाकुट्टीत गेलेला हात, मांडीत घुसलेला कोयता, काचेच्या दारावर आपटलेलं पोर या सगळ्यांत फाटणारी धमनी तीच असते.

म्हणून पिशवीत पहिला मान टूर्निकेटचा, आणि तिथेच सर्वांत जास्त फसवणूक होते. सर्जिकलच्या दुकानात टूर्निकेट मागितलं, तर पुष्कळदा लॅबमध्ये रक्त घेताना दंडाला लावतात ती अरुंद इलॅस्टिकची पट्टी पुढे येते. ती शिरा फुगवायला असते. धमनीतलं रक्त तिने थांबत नाही. आपल्याला हवी ती सुमारे दीड इंच रुंद, न ताणणारी, जाड विणीची पट्टी. तिच्यावर पिळायचा एक दांडा असतो आणि पिळून झाल्यावर तो अडकवायला खाच असते. हिला 'कॉम्बॅट ॲप्लिकेशन टूर्निकेट' किंवा नुसतंच 'कॅट' म्हणतात. ऑनलाइन काही शेकड्यांत मिळणाऱ्या हुबेहूब नकलांपासून सावध राहा. त्यांचा दांडा जोर लावताच वाकतो किंवा मोडतो, आणि ते कळतं ऐन वेळी. अस्सल वस्तू हजारांत जाते. हेल्मेट घेताना जसा हात आखडता घेऊ नये, तसा इथेही घेऊ नये.

बांधायची रीत अशी. जखमेच्या दोन-तीन इंच वर, धडाच्या बाजूला, पट्टी घाला. गुडघ्यावर किंवा कोपरावर नको, सांध्याच्या वर सरका. कपड्यांवरून चालते, फक्त खिशातला मोबाइल आणि किल्ल्या आधी काढा. जखम नेमकी कुठे आहे ते कळत नसेल तर हाता-पायावर जितकं वर जाता येईल तितकं जा. पट्टीचं टोक सर्व ताकदीने ओढून चिकटवा आणि मगच दांडा पिळायला घ्या. सैल पट्टीवर पीळ नुसताच वाया जातो. रक्त थांबेपर्यंत पिळत राहायचं. जखमी माणूस ओरडेल, हात धरेल, "सोडा, सोडा" म्हणेल, कारण हे फार दुखतं. सोडायचं नाही. एकाने भागलं नाही तर त्याच्या वर दुसरं बांधायचं. मग घड्याळ पाहून वेळ त्या पट्टीवर किंवा सरळ कपाळावर मार्करने लिहायची. साधारण दोन तासांपर्यंत अवयवाला कायमचा धोका सहसा नसतो. त्यानंतरही ते सैल करणं हे डॉक्टरांचं काम.

हे सगळं एकदा घरी, शांतपणे, स्वतःच्या पायावर करून पाहा. मग डोळे मिटून करा, मग एका हाताने. दुचाकीवरून पडलेल्या माणसाचा एकच हात शाबूत असू शकतो. सरावाचं टूर्निकेट मात्र वेगळं ठेवा, पिशवीतलं कोरंच राहू द्या.

इथे एक गोष्ट बजावून सांगायला हवी, कारण आपल्या गावांत आवळून बांधण्याची सवय जुनी आहे आणि ती आहे सर्पदंशावर. साप चावला की टूर्निकेट बांधायचं नाही. दोरी, रुमाल, काहीही आवळायचं नाही. घोणस किंवा फुरसं चावलेल्या जागी आधीच सूज आणि पेशींची नासाडी सुरू असते, त्यात रक्तपुरवठा तोडला तर हात-पाय गमावण्याची वेळ येते. दंशाचा भाग फळीला बांधून हलू द्यायचा नाही, अंगठ्या-जोडवी काढायची आणि प्रतिविष असलेल्या रुग्णालयात न्यायचं.

काख, जांघ, मानेचा खालचा भाग इथे पट्टी आवळायला जागाच नसते. तिथे जखम भरावी लागते, आणि वाचकांना सर्वांत अवघड वाटणारा भाग हाच. गॉजचा लांब रोल घ्यायचा. रक्त जिथून उसळतंय ती जागा बोटाने शोधायची आणि तिथपासून गॉज आत ठासत यायचं. उशीत कापूस भरताना कोपऱ्यापासून भरतो, तसं. पोकळी गच्च भरली की वर दोन्ही तळहात ठेवून, कोपरं ताठ करून, अंगाचा भार टाकायचा. किमान दहा मिनिटं. मधे उचलून 'थांबलं का' हे पाहायचा मोह प्रत्येकाला होतो आणि त्याच क्षणी नुकती धरलेली गुठळी निघून येते. रक्त वर झिरपलं तर आणखी गॉज घालून जोर वाढवा. छाती आणि पोटाच्या जखमा मात्र अशा भरायच्या नाहीत. त्या माणसाला लवकरात लवकर शस्त्रक्रियेच्या टेबलावर पोहोचवणं हाच उपाय.

साधं निर्जंतुक गॉज या कामाला पुरतं. रक्त लवकर गोठवणारं खास गॉजही मिळतं. काहींत केओलिन, म्हणजे चिनी माती असते, काहींत कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून काढलेलं कायटोसन. हे दाबून धरायला तीनेक मिनिटं पुरतात. परवडलं तर एक ठेवा. कापूस मात्र नको. त्याचे तंतू जखमेत अडकतात आणि तो रक्त शोषत राहून आपल्याला खोटा दिलासा देतो. हळद, कॉफी पावडर, चुना यांबद्दलही तेच. विळीने कापलेल्या बोटावर आजीने दाबलेल्या हळदीबद्दल मला आदरच आहे, पण चिळकांडी उडत असलेल्या जखमेवर ती वाहून जाते आणि मिनिटं वाया जातात. जवळ काहीच नसेल तर ओढणी, उपरणं, अंगातला शर्ट, काहीही कोंबा आणि दाबा. जंतुसंसर्गावर नंतर औषध देता येतं.

बाकीच्या वस्तूंवर फार शब्द नकोत. नायट्राइलच्या हातमोज्यांचे दोन जोड. बोथट टोकाची, जीन्स आणि बुटाचं चामडं कापणारी कात्री. शिंप्याची टोकदार कात्री घाईत जखमीलाच लागते. सहा इंची क्रेप बँडेज दोन, भरलेल्या जखमेवर घट्ट गुंडाळायला. हात गळ्यात अडकवायला त्रिकोणी पट्टी. मार्कर, छोटी विजेरी, शिटी. आणि ती चकचकीत, खडखडणारी चंदेरी चादर. १९६४ मध्ये नासासाठी हे तंत्र विकसित झालं. ही चादर लोकांना चैन वाटते. पण शरीर थंड पडलं की रक्त गोठण्याची क्रियाच मंदावते, आणि आपल्या घाटांतले अपघात आषाढ-श्रावणात भिजलेल्या माणसांना होतात. रक्त थांबवल्यावर त्या माणसाला ओल्या डांबरावरून आडोशाला घ्या. मान किंवा पाठीला मार लागल्याचा संशय असेल तर जागेवरच ठेवून जमेल तितकं खाली-वर कोरडं काहीतरी घाला आणि चादर गुंडाळा.

शेतावर राहणाऱ्यांनी आणि कारखान्यात काम करणाऱ्यांनी प्लॅस्टिकच्या जाड, बंद होणाऱ्या दोन पिशव्या जास्त ठेवाव्यात. यंत्रात बोट किंवा पंजा तुटला तर आधी माणसाचं रक्त थांबवायचं, मग तुटलेला भाग शोधायचा. तो स्वच्छ ओलसर गॉजमध्ये गुंडाळून एका पिशवीत बंद करायचा आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्याच्या दुसऱ्या पिशवीत ठेवायची. थेट बर्फावर ठेवला तर तो भाग गोठून निकामी होतो, आणि पाण्यात बुडवला तरी बिघडतो. पुन्हा जोडता येईल की नाही हे सर्जन ठरवतील, पण ठरवायला त्यांच्यापुढे काहीतरी शाबूत आलं पाहिजे.

वेदनाशामक गोळ्या मी पिशवीत घालत नाही. ॲस्पिरिन किंवा ब्रुफेनसारखी औषधं रक्त गोठण्याच्या आड येतात. घरातलं कुणी ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा वॉरफरिन रोज घेत असेल तर ते एका कार्डावर लिहून पिशवीत ठेवा, सोबत रक्तगट, ॲलर्जी आणि घरच्यांचा फोन.

पिशवी ठेवायची कुठे? दुचाकीवाल्याने सॅकच्या वरच्या कप्प्यात, मोटारवाल्याने चालकाच्या सीटमागे. मागून धडक बसली की डिकी उघडत नाही, हे विसरू नका. गिर्यारोहकांनी ती सॅकच्या तळाला टाकू नये. शिवदुर्ग मित्रसारखी बचावपथकं रात्री-अपरात्री धावून येतात, पण कड्याखाली पोहोचायला त्यांना तास लागतात. मे महिन्यात बंद गाडीत चिकटपट्टीचा गोंद विरघळतो, हातमोजे एकमेकांना चिकटतात, पावसाळ्यात गॉजच्या पाकिटांना दमट वास येतो. खंडेनवमीला गाडी धुऊन झेंडूची माळ घालतो, त्याच दिवशी पिशवी उघडून तारखा पाहाव्यात आणि घरातल्या सगळ्यांनी एकदा दांडा पिळून पाहावा. रेड क्रॉस आणि सेंट जॉन ॲम्ब्युलन्सचे प्रथमोपचाराचे वर्गही असतात. शेजारच्या दोघांना घेऊन जा.

अपघाताच्या जागी गर्दी जमली की कुणीतरी पाण्याची बाटली आणतंच. ती माया असते, तरी नम्रपणे थांबवा. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात ओतलेलं पाणी फुप्फुसांत उतरतं, आणि शुद्धीवर असलेल्यालाही पुढे भूल द्यायची असू शकते. त्या बाटली आणणाऱ्यालाच काम द्या: १०८ किंवा ११२ ला फोन, आणि फोनवर जवळच्या किलोमीटरच्या दगडाचा आकडा.

पोलिसांच्या भीतीने मागे सरणाऱ्यांनाही सांगा. सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी मदत करणाऱ्यांना संरक्षण दिलं आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आलं. सद्हेतूने मदत करणाऱ्यावर जखमीच्या इजेबद्दल वा मृत्यूबद्दल खटला चालत नाही. नाव-पत्ता सांगण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही, आणि साक्षीदार व्हायचं की नाही हे त्याने स्वतः ठरवायचं.

रुग्णवाहिका आली की तिच्यातल्या डॉक्टरांना तीन गोष्टी सांगा: टूर्निकेट किती वाजता बांधलं, जखमी कोणती औषधं घेतो, आणि जखमेत गॉजचे किती रोल भरले आहेत. भरलेले सगळे रोल शल्यचिकित्सकाला मोजून बाहेर काढावे लागतात.