हिमावरून खडकावर

जोयडा तालुक्यातील अनमोडचा घाट उतरला की गोव्याची हद्द लागते. त्याच गोव्याच्या किनाऱ्यावरून ६ डिसेंबर १९८१ रोजी डॉ. सय्यद जहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली पहिली भारतीय तुकडी अंटार्क्टिका खंडाकडे निघाली व ९ जानेवारी १९८२ रोजी तेथे उतरली. पुढे १९८३-८४ मध्ये ‘दक्षिण गंगोत्री’ हे पहिले कायम केंद्र उभारण्यात आले.

हे केंद्र समुद्रावर तरंगणाऱ्या हिमस्तरावर होते. जोयड्यात पाऊस कितीही कोसळला तरी पाणी काळी नदीतून समुद्रास मिळते. तेथील हिम मात्र सहसा वितळत नाही. वाऱ्याबरोबर आलेले हिम इमारतीच्या आडोशाला साचते व त्यावर थरावर थर चढतात. अशा रीतीने ते केंद्र हळूहळू गाडले गेले आणि १९९० साली तेथील वास्तव्य थांबवावे लागले.

हा धडा महाग खरा, पण वाया गेला नाही. १९८९ मध्ये शिर्माकर टेकड्यांच्या उघड्या खडकावर, खांबांवर उचललेले ‘मैत्री’ केंद्र उभे राहिले. खालून वारा वाहत असल्याने हिम साचण्यास आडोसा मिळत नाही. शेजारच्या सरोवराचे गोडे पाणीही लाभते. हिवाळ्यात सुमारे दोन महिने सूर्य उगवत नाही, जहाज येत नाही. त्या काळात शास्त्रज्ञ, वैद्य, यंत्रकारागीर व स्वयंपाकी यांना आसरा काय तो या इमारतीचाच. २०१२ साली लार्समन टेकड्यांवर सुरू झालेले ‘भारती’ केंद्रही खडकावरच आहे. या मोहिमांची आखणी वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रातून होते.