पेटी सातासमुद्रापलीकडून यायची तेव्हा

आमच्या नाहूरला, म्हणजे भांडुप आणि मुलुंडच्या मध्ये, हल्ली दर दोन मजल्यांआड एक घर असं सापडतं की ज्यातला मुलगा नाहीतर मुलगी अमेरिकेत आहे. मेतकूट, भाजणी, गोडा मसाला, नातवंडासाठी दुपटी यांची पार्सलं सतत जात असतात. मैत्रिणींनो, दोनशे वर्षांपूर्वी अशाच पेट्या उलट्या दिशेने येत होत्या. पाठवणाऱ्या होत्या अमेरिकेत बोस्टनच्या आसपासच्या गृहिणी आणि उघडणारी माणसं होती आपल्या मुंबईत नि नगरात.

शाळेत सावित्रीबाईंचा धडा शिकवताना सिंथिया फरार यांचं नाव घ्यावंच लागतं. अहमदनगरला (आताचं अहिल्यानगर) त्यांच्या देखरेखीखाली मुलींच्या शाळा चालत. जोतीराव फुल्यांनी त्या पाहिल्या होत्या, आणि सावित्रीबाईंनी अध्यापनाचे धडे तिथे घेतले असं सांगतात. यंदा एका विद्यार्थिनीने विचारलं, "बाई, त्या मॅडमना पगार कोण देत होतं?" प्रश्न मोठा व्यवहारी होता. आपण बाहेर जाऊन काम करणाऱ्याचं कौतुक करतो. त्याचा डबा कोण भरतं हे विचारत नाही.

पगार देत होतं 'अमेरिकन बोर्ड'. धर्मप्रसारासाठी माणसं परदेशी पाठवणारी ही संस्था १८१० मध्ये निघाली. तिची पहिली तुकडी १८१२ मध्ये कलकत्त्याला आली, तर कंपनी सरकारने तिला राहूच दिलं नाही. त्या धावपळीत हॅरिएट न्यूवेल ही एकोणीस वर्षांची नवी नवरी मॉरिशसला बाळंतपणानंतर आजारी पडून वारली. गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे दोघे ११ फेब्रुवारी १८१३ रोजी मुंबईला पोचले. मुंबईत मुलींची शाळा काढायला या मिशनला पुढे १८२४ साल उजाडलं. फरारबाई आल्या १८२७ च्या अखेरीस. त्या अविवाहित होत्या, त्यामुळे त्यांच्यामागे सगळा भार मायदेशातल्या बायकांचाच.

त्या बायका काही श्रीमंत नव्हत्या. बोर्डाचं 'मिशनरी हेरल्ड' नावाचं मासिक निघे. त्यात दूरच्या कामाची पत्रं असत आणि मागच्या पानांवर देणगीदारांच्या याद्या. अमुक गावची महिला मंडळी, इतके डॉलर, इतके सेंट. सेंटसुद्धा मोजून छापलेले! अंडी-लोणी विकून जमलेला पैसा त्यात असे. गावोगावी शिवणमंडळं होती. आठवड्यातून एकदा बायका जमायच्या, हात शिवणकामात आणि एकीने परदेशातून आलेलं पत्र मोठ्याने वाचायचं. आपल्या भिशीला किंवा भजनीमंडळाला जे जमतं तेच हे. पुढे १८६८ मध्ये बोस्टनला त्यांनी स्वतःचं वेगळं महिला बोर्ड काढलं. पैसा आपण जमवतो तर तो कुठे जावा हेही आपण ठरवू, हा त्यातला ठसका मला फार आवडला.

अडचण होती ती अंतराची. शिडाचं जहाज आफ्रिकेला वळसा घालून येणार. फरारबाई जूनमध्ये बोस्टनहून निघाल्या त्या कलकत्त्यावरून मुंबईला पोचेपर्यंत डिसेंबर संपत आला. म्हणजे इकडून 'मुलाला झबली हवीत' असं लिहावं, आणि झबली हातात पडेपर्यंत पोरगं चालायला लागलेलं असावं. कापड बेतणाऱ्या मावशी-आत्यांनी वाढत्या अंगाचा किती अंदाज बांधला असेल! आणि पत्र वाचताना, लिहिणारी व्यक्ती आज जिवंत असेलच, अशी खात्री कुणालाच नसे.

हॉल यांच्या घरचीच गोष्ट घ्या. त्यांची पत्नी मार्गारेट १८२५ मध्ये दोन मुलांना घेऊन अमेरिकेला निघाली, कारण इथल्या हवेत लहान मुलं टिकत नसत. वाटेत थोरला मुलगा दगावला. इकडे मार्च १८२६ मध्ये हॉल नाशिककडे गेले असताना पटकीची साथ होती. जवळची औषधं त्यांनी रोग्यांना वाटली आणि परतीच्या वाटेवर एका देवळाच्या ओसरीत त्याच रोगाने वारले. मार्गारेट तिकडे धाकट्याला वाढवीत होती.

मुलं मायदेशी पाठवायची हा मग रिवाजच पडला. पण ती सांभाळायची कोणी? एलायझा वॉकर नावाच्या बाईंचे यजमान तुर्कस्तानात मिशनरी होते; ते १८६६ मध्ये पटकीने गेले. परत येऊन बाईंनी बोस्टनजवळ ऑबर्नडेलला घर मांडलं आणि स्वतःच्या मुलांबरोबर इतर मिशनऱ्यांची मुलंही ठेवून घेतली. परक्याच्या मुलाचा ताप, दात, शाळेचा निकाल, रात्रीचं रडणं, आणि आईला रडू येणार नाही अशा बेताने ते सगळं पत्रात कळवणं. या सगळ्यात मला ते काम सर्वांत अवघड वाटतं. त्याला ना सभा, ना हार.

हा पैसा ख्रिस्ती धर्म वाढावा म्हणून दिला जाई, शाळा हे त्याचं साधन, हे लपवण्यात अर्थ नाही. आपल्या पूर्वजांनी त्याकडे संशयाने पाहिलं ते उगीच नव्हे. पण ज्या काळी आपल्याकडे मुलीच्या हातात पाटी देणं पाप समजत, तेव्हा या अंडी-लोण्याच्या पैशातून पाट्या आल्या, हेही तितकंच खरं. जोतीरावांनी घेतली ती पाटी. १८४८ मध्ये भिडेवाड्यात शाळा काढली ती त्यांची स्वतःची.

मुंबईला ह्यूम म्हणून एक कुटुंब होतं. वडील १८५४ मध्ये अमेरिकेला जाताना जहाजावरच वारले आणि आई हॅना मुलांना घेऊन तिकडे गेली. मुंबईत जन्मलेल्या त्या मुलांपैकी रॉबर्ट १८७४ मध्ये नगरला परत आला, एडवर्ड पुढच्या वर्षी मुंबईला. भायखळ्याची शाळा त्यानेच वाढवली. तोवर सुएझचा कालवा झाला होता आणि पत्र महिन्यांऐवजी आठवड्यांत पोचू लागलं होतं.