उघडलेल्या घड्याळापाशी

भाईंदर स्थानकाच्या पूर्वेस बाहेर पडून, स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यांकडे जाणारा रस्ता सुरू होण्यापूर्वी, मोबाइलच्या दुकानांच्या गर्दीत जेमतेम चार हात रुंदीची एक जागा आहे. तेथे काचेच्या पेटीआड बसणारे घड्याळजी काका एकदा डोळ्यावर भिंग चढवून कामाला लागले, की त्यांच्याशी बोलण्याची सोय उरत नाही, परंतु शेजारच्या स्टुलावर बसून पाहण्यास त्यांची मुळीच हरकत नसते. गिरगाव, लालबाग, परळ येथील चाळी सोडून जी कुटुंबे मीरा रोड-भाईंदरास स्थायिक झाली, त्यांच्या कपाटांतून वडीलधाऱ्यांची घड्याळेही इकडे आली, आणि त्यांतली पुष्कळशी अखेर अशाच एखाद्या पेटीवर येऊन पोहोचतात. बहुतेक एचएमटीची असतात. जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने 1961 साली बंगळुरास निघालेल्या कारखान्यातली ‘जनता’ किंवा ‘पायलट’. काही फाव्र ल्यूबाची असतात. आणि क्वचित एखादे असे येते की ते हाती घेण्यापूर्वी काका पेटीवरचे इतर सर्व काम आवरून बाजूला ठेवतात.

त्या दिवशी आलेले घड्याळ तसेच होते: ओमेगा. सेकंदाचा काटा सहाच्या आकड्याशी स्वतंत्र छोट्या वर्तुळात फिरणारे, हाताने चावी द्यावयाचे, 30 मिलीमीटर व्यासाच्या त्या प्रसिद्ध यंत्राचे, ज्याची मालिका ओमेगाने 1939 साली सुरू केली. मालकांच्या वडिलांचे घड्याळ. मालक स्वतः निवृत्त गृहस्थ. “चालतंय, पण रोज मागे पडतंय,” एवढीच त्यांची तक्रार होती.

मागचे झाकण उघडताच काकांनी प्रथम यंत्राकडे पाहिले नाही. त्यांनी झाकण पालथे करून दिव्याखाली धरले. दुरुस्ती करणारा कारागीर झाकणाच्या आतल्या अंगास सुईने आपली खूण आणि तारीख कोरून ठेवतो, हा या हुन्नरातला जगभरचा जुना दस्तूर. येथे तीन निरनिराळ्या हातांच्या खुणा होत्या. त्यानंतर भिंगातून स्क्रूंच्या माथ्यांची तपासणी झाली. एका स्क्रूची खाच ओरबाडलेली होती, म्हणजे कोणी तरी चुकीच्या मापाचा पेचकस लावून जोर केला होता. यंत्राला हात लावण्याआधी होणारा हा पंचनामा मला साऱ्या कामातला सर्वांत बुद्धिमान भाग वाटतो, कारण यंत्र आपोआप बिघडते त्याहून अधिक वेळा ते मागच्या दुरुस्तीने बिघडलेले असते, आणि पुढे काय सापडेल याचा अंदाज या ओरखड्यांतूनच बांधावा लागतो.

“आधी कमान सोडायची, मग बाकीचं,” काका म्हणाले. मुख्य कमानीत चावीने भरलेली शक्ती साठलेली असते, व तिला उलट सुटू न देणारा एक लहानसा खिटका असतो. चावी बोटांत घट्ट धरून, तो खिटका चिमट्याच्या टोकाने दूर सारून, कमान हळूहळू मोकळी होऊ द्यायची. हे न करता जो पुढे जाऊन पॅलेट, म्हणजे चक्रांना अडवून धरणारी पट्टी, उचलील, त्याच्या समोर चक्रांची सारी मालिका क्षणार्धात बेफाम फिरून जाईल आणि एखाद्या चक्राचा दात किंवा अक्षाचे टोक जाया होईल. कमान सुटल्यावर मग चावीची दांडी निघाली, तिच्यावर तांबूस गंज चढलेला दिसला. एकीकडे वसईची खाडी, दुसरीकडे अरबी समुद्र, आणि मधे मिठागरे, अशा या गावच्या हवेत ओल घड्याळात शिरते ती बहुधा याच दारातून.

काटे उतरले, तबकडी उतरली, आणि यंत्र एकटे राहिले: तांब्याच्या मुलाम्याने गुलाबीसर झळकणारे, 17 माणकांचे. ही माणके रत्नपारख्याच्या दृष्टीने कवडीमोल असतात. वेर्नोय या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने 1902 साली प्रसिद्ध केलेल्या कृतीने ती भट्टीत तयार होतात. परंतु पोलादी अक्षाचे टोक इतक्या कठीण व गुळगुळीत पृष्ठावर फिरले म्हणजे झीज जवळजवळ होत नाही, यासाठी त्यांची योजना. पुढे बॅलन्सचे झोके घेणारे चाक आपल्या केसासारख्या बारीक हेअरस्प्रिंगसह उचलले गेले. त्या वेळी मीही श्वास रोखून होतो, कारण ती स्प्रिंग एकदा वेडीवाकडी झाली तर तिला पूर्ववत करणारे हात आता फार थोडे उरले आहेत. नंतर पॅलेट निघाले: जहाजाच्या नांगराच्या आकाराची ती चिमुकली पट्टी, तिच्या दोन टोकांस दोन माणके. ती माणके जागी धरून ठेवणारा पदार्थ कोणता, हे कळले तेव्हा मला विलक्षण आनंद झाला. ती लाख आहे. पळस, बोर, कुसुम या आपल्याकडील झाडांवर कीटक जी राळ सोडतात, तीच शुद्ध होऊन परदेशी गेली आणि स्वित्झर्लंडच्या उत्तमोत्तम घड्याळांच्या अगदी हृदयस्थानी बसली. गरम केली की ती मऊ होते आणि माणीक केसभर पुढे-मागे सरकवता येते, आणि निवाली की घट्ट धरते. ती मद्यार्कात विरघळते, म्हणून पॅलेट तसल्या द्रावणात भिजत ठेवत नाहीत.

मग चक्रांना वरून धरणारे पूल, चक्रे, कमानीची डबी, असे एकेक निघून झाकणाच्या डब्यांत क्रमाने विसावले. जुने तेल तपकिरी चिकट थर होऊन माणकांच्या वाट्यांत बसले होते. घड्याळ मागे पडण्याचे कारण हेच. आता येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे: यंत्र न खोलता सबंधच पेट्रोलात बुचकळून काढणे व वर तेलाचा थेंब टाकून गिऱ्हाइकाच्या स्वाधीन करणे, याला पुष्कळ ठिकाणी ‘सर्व्हिसिंग’ म्हणतात, आणि ती सेवा नव्हे, तो अपाय आहे, कारण वाट्यांतला मळ तेथेच राहून नव्या तेलाशी कालवला जातो. काकांनी प्रत्येक छिद्र टोकदार लाकडी काडी आत फिरवून, ती स्वच्छ बाहेर येईपर्यंत पुसले.

जोडणी उलट क्रमाने होते, एवढे सांगून भागत नाही. चक्रांची मालिका जागेवर उभी करून वरून पूल ठेवायचा, तेव्हा चारही अक्षांची टोके एकाच वेळी आपापल्या माणकाच्या छिद्रात गेली पाहिजेत, आणि ही टोके मिलीमीटरच्या एक-दोन दशांशांची. काका पुलावर बोटाचा केवळ भार ठेवतात आणि चिमट्याने एकेका चक्राला हळूच ढकलून पाहतात; चारही बसली की पूल आपोआप किंचित खाली येतो. स्क्रू त्यानंतर, आणि प्रत्येक फेऱ्यानंतर चक्रे मोकळी फिरतात की नाही याची रुजुवात. तेलही सर्वत्र एक नसते: वेगवान चक्रांना पातळ, मंद फिरणाऱ्या व भार सोसणाऱ्या भागांना घट्ट, कमानीला ग्रीस, आणि पॅलेटच्या स्वतःच्या अक्षाला अजिबात नाही. सुईच्या टोकावर जेवढे चिकटेल तेवढेच.

अखेर बॅलन्स जागेवर आला आणि स्क्रू आवळण्यापूर्वीच झोके घेऊ लागला. हे यंत्र तासाला 18,000 ठोके देते, म्हणजे दिवसाला 4,32,000. दिवसाकाठी 10 सेकंदांची चूक झाली तरी ती एकंदर काळाच्या शेकडा एक शतांशाहून फारशी अधिक भरत नाही. ठोके ऐकून गती मोजणाऱ्या छोट्या यंत्रावर ठेवून, तबकडी वर, तबकडी खाली, चावी वर, अशा निरनिराळ्या स्थितींत ते पुनःपुन्हा तपासण्यात आले, आणि बॅलन्सचा झोका एका बाजूस 270 अंशांपर्यंत जाऊ लागला, तेव्हा काकांनी भिंग उतरवले.

तबकडी मात्र होती तशीच परत बसवली गेली, कडेच्या पिवळट डागांसह. मालकांनी ती रंगवून चकचकीत करून मिळेल काय, अशी पृच्छा केली होती. “नाही साहेब, वडिलांनी पाहिलेली तबकडी आहे ती,” असे उत्तर मिळाले. जुन्या तबकड्या खरवडून, नव्याने छापून, निरनिराळ्या घड्याळांचे भाग एकत्र करून विकण्याचा उद्योग मुंबईत इतका फोफावला, की परदेशी संग्राहकांत अशा घड्याळांना ‘मुंबई स्पेशल’ असे तुच्छतादर्शक नाव पडले; आपल्या कारागिरांच्या हातातले कौशल्य पाहता हा कलंक मला फार बोचतो.

म्हणून वाचकांस एक विनंती. घरात असे एखादे घड्याळ असेल तर ते चालू आहे यावर विसंबून राहू नका. वापरात असल्यास दर चार-पाच वर्षांनी जाणत्या माणसाकडून पूर्ण खोलून त्याला तेलपाणी करून घ्या, आणि ते सुपूर्द करतेवेळी पावतीवर तीन गोष्टी लिहून घ्या: तबकडी रंगवू नये, केसला पॉलिश करू नये, आणि जो भाग बदलला जाईल तो जुना भाग कागदात गुंडाळून परत द्यावा.