चाचणीच चालेना तेव्हा

संगणकक्षेत्रात उतरणाऱ्या आपल्या शाळेच्या विद्यार्थ्यांना नोकरीच्या आरंभी हमखास अडवणारी एक चूक येथे उलगडून सांगत आहे.

जावास्क्रिप्टचा कोड ब्राउझरमध्ये सुरळीत चालतो. परंतु युनिट टेस्ट चालवताच 'कॅनॉट यूज इम्पोर्ट स्टेटमेंट आउटसाइड अ मॉड्यूल' असा संदेश उमटतो. मी कंटाळून ती चाचणीच वगळली होती. पुढे बिलाच्या हिशेबातील चूक थेट ग्राहकांपर्यंत पोहोचली.

दोष आपल्या तर्कात नसतो. 2009 साली नोड आले, तेव्हा या भाषेत फाइली जोडण्याची प्रमाणित रीत नव्हती. म्हणून त्याने 'रिक्वायर' स्वीकारले. 'इम्पोर्ट' प्रमाणित झाले 2015 मध्ये. जेस्ट हे चाचणीचे साधन मुळात जुन्याच रीतीने फाइल वाचते आणि नवा कोड बेबेलकडून रूपांतरित करून घेते. बेबेलला 'प्रीसेट-एन्व्ह' सांगितलेला नसेल, तर इम्पोर्ट जसाच्या तसा राहतो. प्रथम तेच तपासावे.

तरीही संदेश आला, तर त्यात कोणत्या फाइलचे नाव आहे ते वाचावे. (मी कित्येक दिवस केवळ पहिली ओळ वाचत होतो!) ती फाइल 'नोड_मॉड्यूल्स'मधील असल्यास, ते फोल्डर जेस्ट रूपांतरातून वगळते, 'ट्रान्सफॉर्म-इग्नोअर-पॅटर्न्स' या सेटिंगमध्ये त्या पॅकेजपुरता अपवाद करावा लागतो.

'कॅनॉट फाइंड मॉड्यूल' हे दुखणे निराळे. तेथे पत्ताच चुकलेला असतो. फाइलच्या नावातील लहान-मोठ्या इंग्रजी अक्षरांचा भेद विंडोज सहसा मानत नाही, लिनक्स मानते. म्हणूनच घरच्या संगणकावर उत्तीर्ण झालेली चाचणी सर्व्हरवर अनुत्तीर्ण होते.