क्विंटिन्सहिलची केबिन

जुनी सिग्नल केबिन म्हटली की आपल्याला आठवते ती रुळांच्या कडेची उंच, काचेच्या खिडक्यांची खोली आणि आत ओळीनं उभे असलेले लीव्हर. आज आपण तिच्याकडे जरा वेगळ्या नजरेनं बघू. आपल्या दृष्टीनं ती ज्ञानमीमांसेची प्रयोगशाळा आहे.

1856 मध्ये इंग्लंडात जॉन सॅक्सबी यांनी सांधे आणि सिग्नल एकत्र चालवण्याच्या यंत्रणेचं पेटंट घेतलं. त्यातून पुढे इंटरलॉकिंग आलं. म्हणजे काय? तर सांधा एका बाजूला असेल, तेव्हा दुसऱ्या बाजूचा सिग्नल पडतच नाही. लीव्हर अडकून बसतो. परस्परविरोधी दोन आज्ञा एकाच वेळी देता येऊ नयेत, हा तर्काचा नियम लोखंडात उतरवला, एवढंच! 1889 मध्ये आर्मा इथं मोठा अपघात झाला आणि त्याच वर्षी ब्रिटनमध्ये कायद्यानं ही व्यवस्था सक्तीची झाली.

पण बघा, या यंत्राला विसंगती कळते, गाडी कुठं उभी आहे हे कळत नाही. ते केबिनमधल्या माणसानं लक्षात ठेवायचं.

आता 22 मे 1915 ची सकाळ. स्कॉटलंडच्या सीमेजवळची क्विंटिन्सहिलची केबिन. पाळी सहाला बदलायची, पण दोघा सिग्नलमनचा आपसात समझोता होता : दिवसपाळीच्या जेम्स टिन्स्लीनं साडेसहाच्या लोकलनं यावं, तोवर जॉर्ज मीकिननं सहानंतरच्या नोंदी सुट्या कागदावर लिहाव्यात, आणि टिन्स्लीनं त्या स्वतःच्या अक्षरात वहीत उतरवाव्यात. त्या दिवशी बाजूच्या लूपवर मालगाडी होती, म्हणून मागून येणाऱ्या एक्सप्रेसला वाट देण्यासाठी ही लोकल समोरच्या मुख्य मार्गावर नेऊन उभी केली. केबिनपासून काही पावलांवर, खिडकीतून स्वच्छ दिसेल अशी. टिन्स्ली तिच्यातूनच आला होता! तो कागदावरून वहीत नोंदी उतरवत बसला आणि त्याच मार्गानं येणारी सैनिकांची गाडी त्यानं स्वीकारली. लोकल त्याच्या मनातून निसटली होती. सांधे सरळ होते, त्यामुळे इंटरलॉकिंगनं हरकत घेतली नाही. टक्कर झाली; मिनिटभरात एक्सप्रेस त्या ढिगाऱ्यावर आदळली. लाकडी डबे, दिव्यांचा गॅस, आग. दोनशेहून अधिक माणसं गेली, बहुतेक रॉयल स्कॉट्सचे जवान, गॅलिपोलीला निघालेले.

आपल्या नैयायिकांनी स्मृतीला प्रमा मानलं नाही. रेल्वेच्या नियमांचाही स्मृतीवर विश्वास नव्हता, ही गोष्ट फार बोलकी आहे. मार्गावर गाडी उभी असेल, तर सिग्नलच्या लीव्हरवर लोखंडी कडं चढवायचं, म्हणजे तो ओढताच येत नाही. ते कडं मीकिननं चढवलं नव्हतं. लोकलचा फायरमन नियमाप्रमाणे गाडीची आठवण करून द्यायला केबिनमध्ये आला, त्यानं वहीत सहीही केली. कडं आहे का, हे मात्र पाहिलं नाही. सही होती, पण सहीमागचं ज्ञान नव्हतं. गाडी उभी असल्याचं रुळांतल्या विजेवरून ओळखणारं ट्रॅक सर्किट तेव्हा माहीत होतं, पण या ठिकाणी बसवलेलं नव्हतं.

टिन्स्लीला तीन वर्षांची, मीकिनला दीड वर्षाची शिक्षा झाली. डिसेंबर 1916 मध्ये दोघेही सुटले आणि पुन्हा रेल्वेतच कामाला लागले. टिन्स्लीकडे दिवाबत्तीचं काम आलं.