जंत आणि आपण : इओसिनोफिल १४ टक्के

डोंबिवलीच्या एका वाचक बाईंनी आपल्या तरुण मुलाचा सीबीसी रिपोर्ट कळवला आहे : इओसिनोफिल १४ टक्के. शेजारी म्हणाले जंत असतील, म्हणून अल्बेंडाझोलची गोळी दिली. शौचाची तपासणी मात्र साफ. मग जंत आहेत की नाहीत?

टक्के आधी बाजूला ठेवा. एकूण पांढऱ्या पेशी ८,००० असतील तर त्यांतले इओसिनोफिल १४ टक्के म्हणजे १,१२०; ५००पर्यंत चालतात. एवढी वाढ नुसत्या अ‍ॅलर्जीनेही होते. जंतांचं म्हणाल, तर आतड्यात निवांत पडलेला मोठा जंत इओसिनोफिलना फारसा डिवचत नाही. त्याची अळी आतड्याची भिंत भेदून रक्तावाटे फुप्फुसात जाते, तेव्हा या पेशी वाढतात. त्या वेळी शौचात अंडी कुठून सापडणार? मादी अंडी घालू लागायला दोन-तीन महिने लागतात.

अळी इतकी मोठी की इओसिनोफिल तिला गिळू शकत नाही. तो तिला चिकटतो आणि पोटातले विषारी दाणे तिच्यावर रिकामे करतो. त्यात आजूबाजूच्या आपल्याच पेशीही होरपळतात.

हे किती टोकाला जातं ते पाहायचं तर माझा लाडका आजार बघा : ट्रॉपिकल इओसिनोफिलिया. १९४०मध्ये मदनपल्लीच्या क्षयरोग आरोग्यधामातल्या डॉक्टरांनी असे रुग्ण नोंदवले. खोकला, एक्स-रेत डाग, सगळं क्षयासारखं. पण क्षय नाही आणि रक्तात इओसिनोफिलच इओसिनोफिल. १९४३मध्ये वाइनगार्टन नावाच्या डॉक्टरांनी आजाराला नाव दिलं आणि आर्सेनिकच्या इंजेक्शनांनी तो बरा केला, कारण ठाऊक नसताना! ते कळलं १९६०मध्ये. वेल्लोरच्या डॉक्टरांना रुग्णांच्या फुप्फुसात फायलेरियाच्या बाळअळ्या सापडल्या.

म्हणजे हत्तीरोगाचाच जंत. त्याच्या गोळ्या घरोघरी वाटाव्या लागल्या त्या जिल्ह्यांत आपलं ठाणेही आहे. आरोग्य कर्मचारी रात्री येऊन बोटाला टोचून काचपट्टीवर रक्त घेतात, ते या बाळअळ्यांसाठी. क्युलेक्स डास चावायच्या वेळीच त्या त्वचेजवळच्या रक्तात येतात. ज्याच्या रक्तात त्या झुंडीने सापडतात, तो बहुधा ठणठणीत असतो. त्याच्या प्रतिकारशक्तीने जंताशी तह केलेला असतो. ट्रॉपिकल इओसिनोफिलियाच्या रुग्णाच्या रक्तात मात्र सहसा एकही अळी मिळत नाही. त्याचं शरीर एकेकीला फुप्फुसात अडवून मारतं, आणि रात्रभर खोकतो तो हाच.

तेव्हा बाई, मुलाला रात्री खोकला किंवा धाप आहे का, ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. या आजारात इओसिनोफिल बहुधा ३,०००च्या वर असतात, म्हणून तुमच्या आकड्यावरून मला अ‍ॅलर्जीचाच संशय जास्त येतो. पण खोकला असलाच, तर अल्बेंडाझोलच्या एका गोळीवर विसंबू नका. फायलेरियाची तपासणी करून घ्या. निदान पक्कं झालं तर डीईसी ही फायलेरियाची गोळी दोन-तीन आठवडे घ्यावी लागते, तीही डॉक्टरांच्या देखरेखीखाली.